न थांबता चौदा तास

अंजूरच्या गोदामात मी कॉम्प्युटरवर बसायचे, तेव्हा गेटवर एक म्हातारे वॉचमन होते. खुर्ची असूनही दिवसभर उभेच असायचे. एकदा फाटलेल्या खोक्यातून खासगी विमानाची माहितीपुस्तिका बाहेर पडली. त्यांनी ती उचलली, चित्रातल्या पलंगावरून हलकेच बोट फिरवलं आणि माझ्या हातात दिली.

"ताई, काय लिवलंय यात?"

"हे विमान न थांबता चौदा तास उडतं. आत झोपायची खोली आहे, आवाजही येत नाही."

"मंग कुवेत किती तासांवर हाय?"

"चारेक."

ते चित्राकडे बघत राहिले. "माजा पोरगा तिथं कामावर असताना वारला. त्याला घरी यायला एकवीस दिवस लागले. पेटीत."

माझ्याच्याने पुढे वाचवेना. मी पुस्तिका मिटली.

"वाचा ना ताई," ते म्हणाले, "अजून काय काय हाय त्यात?"