काय इचारलं ते भिंतीवर

हापिसातले किस्से म्हंजे चाच्या टोपातला काळा थर. रोज घासा, रोज जमतो. आमचं हापिस मुरबाडला, भात गिरणीच्या वरती. पूजा आन रोहित वेबसाइट बनवतात, मी जिन्याखाली चा बनवतो.

भिंतीवर मोठा टीव्ही हाय. त्याच्यावर दिसभर इंग्रजी ओळी पडतात. मी इचारलं, "पूजा, ह्यो कुठला पिच्चर गो?"

"लॉग हाय, काका. डेटाबेस म्हंजे आपली माहितीची कोठी. प्रोग्राम तिला काय इचारायला गेला, की हितं एक ओळ पडते. फुकटच्या चकरा मारत असला तर कळतं."

बरं. दुसऱ्या दिवशी मीपन लॉग चालू केला. "काका साखर आनायला गेले." "काका गाळनी शोधतात." "काकांना गाळनी नाय गावली."

रोहितनं हात जोडले. "काका, तुमचा लॉग बंद करा."

"करतो," म्हनलो, आन वरडलो, "काकांनी लॉग बंद केला!"

*

मग रोहितच्या डोक्यात आलं, ह्या ओळी कोठीतच ठेवायच्या. ठेवायला प्रोग्राम कोठीत गेला, तर त्या जान्याची नवीन ओळ पडली. ती ठेवायला परत गेला, परत ओळ. टीव्हीवर नुसता धबधबा! कॉम्प्युटर खालच्या गिरणीपेक्षा जास्त घुरघुरला न् बसला.

रोहित डोकं धरून. मी कॉम्प्युटरला हात लावून बघितलं. "गरम हाय तवर पापड भाजून घेऊ काय रे?"

*

एकदा टोकावड्याचे शेठ आले, जीपवाल्यांचे पुढारी. संगती पाच जीपवाले. सीट बुकिंगची साइट बघायची व्हती. शेठ हो म्हनले तर हापिस चालनार, नायतर टाळं लागनार, आन पूजा पुन्याला नोकरीला.

साइट लावली. नुसतं गोल गोल फिरतंय. टीव्हीवर ओळीच ओळी. पूजा वाचतेय, दातात नख. मला हळूच म्हनली, "काका, ह्यांना जरा गुतवा."

आवडीचं काम! शेठला इचारलं, "साखर?" खाली गेलो, एक कप आनला. दुसऱ्याला इचारलं, "साखर?" परत खाली, परत एक कप. मग तिसरा.

चौथ्याला शेठ कावले. "अहो काका, सगळ्यांचं एकदम इचारा ना! एका फेरीत आना!"

पूजानं झटकन टीव्हीकडं बघितलं. तीच ओळ परत परत. एकेका सीटसाठी प्रोग्राम जीपचा नंबर इचारायला कोठीत पळत व्हता. तिनं काय खोडलं, काय लिहिलं, तिला ठावं. भिंतीवर एकच ओळ पडली न् साइट टक्कन उघडली.

शेठनी साइटवर आपली जीप बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"साइट घेतली. चावाला बदला."