मुग्धाचा पत्ता: १२७.०.०.१

आता कुठून सुरुवात करू? बायको गेल्यावर लोक भजनी मंडळात जातात, मी घरात सर्व्हर बसवला! आणि त्यात अशी माती खाल्ली म्हणता… चहा घ्या आधी, मग हसा खुशाल.

मुग्धा, माझी एकुलती एक लेक, टोरांटोला असते. कंप्युटरमध्येच आहे. ती म्हणाली, आईचे जुने फोटो पाठवा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नको, आईचा चेहरा पुसट होतो. ते मला लागलं. जन्मभर ऑफिसात फायली इकडून तिकडे पोचवल्या, लेकीला चार फोटो नाही पोचवणार? जुना कंप्युटर काढला, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स चढवलं आणि व्हिडिओ बघून फायली पाठवायचा सर्व्हर बसवला. व्हिडिओतल्या बाई सांगतील ते सगळं केलं, का म्हणून विचारलं नाही. त्यात मुग्धाच्या नावाचं एकच खातं. तिने तिथून यायचं आणि आईला घेऊन जायचं.

हा सर्व्हर मी 'सर्व्हिस' म्हणून लावला. म्हणजे लाइट जाऊन आली की कंप्युटरबरोबर ती आपोआप उठते. पडली तर परत उभी राहते. उठवायला घरात कुणी लागत नाही. माझ्या घराला अगदी योग्य, नाही का?

त्या आनंदात लिफ्टमध्ये सावंताला सांगितलं की आजपासून सर्व्हिस सुरू झाली. लालबागची आमची चाळ होती तेव्हा आमची दारं समोरासमोर होती, आता टॉवरमध्ये तो आठव्यावर, मी अकराव्यावर. त्याने डोळे मोठे केले. "ह्या वयात तुका सर्व्हिस खंय लागली?" समजावेपर्यंत आठवा मजला आला. दुसऱ्या दिवशी सावंतवहिनी पेढे मागायला दारात! आणून दिले. किती दिवसांनी बेल वाजली होती, नोकरी लागली नाही हे कुठल्या तोंडाने सांगू?

तर, सर्व्हिस एक लॉग ठेवते. कोण आलं, कुठून आलं, कधी गेलं. चार दिवसांनी तो उघडला आणि बघतो तर काय! संध्याकाळी साडेसात, मुग्धा आली. पत्ता १२७.०.०.१. दोन सेकंदांत गेली. आदल्या दिवशीही साडेसातलाच. त्याच्या आदल्या दिवशीही.

आपले साडेसात म्हणजे तिची सकाळ. ऑफिसला पोचल्या पोचल्या डोकावत असणार. आणि पत्ता? अहो, एकनेच सुरू होतो की! कॅनडाचा फोनचा कोड एकच ना? मी तो आकडा डायरीत तिच्या नावापुढे लिहूनसुद्धा ठेवला.

मग काय विचारता! रोज सात वाजता फोल्डर सजवायला बसायचो. तिच्या आईच्या अक्षरातली मसाल्याची यादी ठेवली, जी घेऊन आम्ही मसाला कुटायला डंकावर जायचो ती. रोज एक चिठ्ठीही ठेवायला लागलो. आज गुडघा बरा आहे. आज भरीत करपलं. उत्तर यायचं नाही. म्हटलं, दोन सेकंदांत बिचारी काय लिहिणार?

आणि इथेच घोळ झाला. दर रविवारी मी तिला फोन करायचो, तो बंद केला. नेहमी ती कशात तरी अडकलेली असायची, मलाच कानकोंडं व्हायचं. आता लेक रोज घरी येऊन जातेय, मग उगाच फोन कशाला?

तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी तिचाच फोन आला.

"बाबा, रागावलात का माझ्यावर?"

"रागावू कशाला? रोज तर येतेस."

"कुठे?"

मी लॉगचं सांगितलं, पत्ताही वाचून दाखवला. ती हळूच म्हणाली, "बाबा, मी एकदाही नाही आले. आईचे फोटो उघडायचा धीरच होत नव्हता. आणि १२७.०.०.१ म्हणजे तुमचाच कंप्युटर. कुठलाही कंप्युटर स्वतःला त्याच नंबराने ओळखतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. व्हिडिओत सांगितलं होतं की सर्व्हर जिवंत आहे का हे रोज तपासणारा टायमर लावा. मी लावला होता, मुग्धाच्या खात्याने, कारण दुसरं खातंच नव्हतं! आणि साफ विसरलो. म्हणजे महिनाभर माझाच कंप्युटर माझंच दार वाजवून 'जिवंत आहेस ना?' एवढं विचारून जात होता, आणि मी त्याला भरताची बातमी देत होतो!

मी हसायला लागलो. ती रडायला लागली. मग मलाही हसणं जमेना. फार एकटं वाटलं हो त्या दिवशी.

सगळ्या चिठ्ठ्या तिने उतरवून घेतल्या. आता रोज फोन करीन म्हणाली. करते, कधी राहूनही जातो. टायमर मी काढला नाही. तो साडेसातला येतो, एक दिवस चुकत नाही.

परवा भरीत सुरेख जमलं. मुग्धाला सांगायचं म्हणून फोनजवळ बसलो, पण तिचा फोन काही आला नाही. शेवटी चिठ्ठीच लिहायला घेतली आणि वर मायना घातला, 'चिरंजीव १२७.०.०.१ यास अनेक उत्तम आशीर्वाद.'