खिळ्याला टांगलेला रेझिस्टर

मी जिथे नोकरी करायचे त्या वर्कशॉपमध्ये टेस्टिंगच्या टेबलामागे भिंतीत एक खिळा होता. त्याला दोन चिमटे लावलेला एक रेझिस्टर टांगलेला असायचा. विजेला हजार ओहमचा अडथळा करणारा, तांदळाच्या दाण्याएवढा. सात वर्षं मी तो तिथे नुसता लोंबकळताना बघितला. आजही आठवलं की डोकं फिरतं.

आम्ही वजनकाट्यांची यंत्रं बनवायचो. उरणच्या आसपास कंटेनरचे ट्रक ज्यांवर चढतात, त्या काट्यांची. काट्याखालच्या सेन्सरमधून दोन वायरी येतात आणि त्या दोघींतला विजेचा इवलासा फरक म्हणजे वजन. त्या फरकाचे आकडे करायचे, हे आमच्या सर्किटचं काम. पण आजूबाजूच्या मोटारींचा गोंगाटही दोन्ही वायरींवर चढतो, अगदी सारखाच. भरतीला होडी कितीही वर गेली तरी आत उभ्या असलेल्या दोघांच्या उंचीतला फरक बदलत नाही. तसं सर्किटनं सारखं असेल ते सोडून द्यायचं आणि फरक तेवढा धरायचा. याला कॉमन मोड रिजेक्शन म्हणतात. मोजायची रीत सोपी आहे. दोन्ही वायरी एकत्र बांधायच्या, त्यांना एकच व्होल्टेज द्यायचं आणि आकडा हलतो का ते बघायचं.

फक्त मोजताना एका वायरीत तो हजार ओहमचा रेझिस्टर घालायचा असतो. मुद्दाम. कारण बाहेरच्या जगात दोन वायरी कधीच सारख्या नसतात; खाऱ्या हवेत एक जोड आधी गंजतो, दुसरा मागाहून. माझ्या मालकांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"तो काढ गं, उगाच आकडा हलतो. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

मी काढला. मग आकडा जागचा हलायचा नाही, मी रिपोर्टवर सही ठोकायचे, रिपोर्टसकट माल सुटायचा. नवीन होते, घाबरत होते, हे सगळं खरं. पण पुढची सहा वर्षं मी काही नवीन नव्हते.

माझा मामा तिथल्याच एका खासगी यार्डात काट्यावर बसायचा. यंत्र आमचंच. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचा, "माज्या भाचीनं बनवलाय." मग यार्डवाल्यांनी काट्याला खेटून थंड कंटेनरची रांग लावली आणि त्यांचे कॉम्प्रेसर सुरू झाले की वजन हलायला लागलं. एकच ट्रक, तासाभराच्या अंतरानं दोन पावत्या, दोन वेगळी वजनं. मॅनेजरनं चौकशी केली ती एवढीच, की मामाला समोर उभं केलं, ट्रकवाल्यांशी साटंलोटं करून काटा मारतोस म्हणाला आणि कामावरून काढून टाकलं. दुसऱ्याच्या वाडीत पडलेला नारळही न उचलणारा माणूस तो! गावात लोक त्याच्याकडे बघून कुजबुजायला लागले.

मी यार्डात गेले. यंत्राच्या कंपनीतली म्हणून कुणी अडवलं नाही. वायरींच्या जोडणीचा डबा उघडला, तर एका वायरीचा स्क्रू गंजून हिरवागार आणि शेजारचा लखलखीत. मीटर लावला. गंजलेला जोड शेकडो ओहमचा अडथळा दाखवत होता. कुणाचं तरी मुस्काट फोडावंसं वाटलं, आधी मालकाचं आणि मग माझं स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये तसंच यंत्र काढलं, खिळ्यावरचा रेझिस्टर एका वायरीत घातला आणि दोन्ही वायरींना एकच व्होल्टेज दिलं. आकडा स्थिर राहायला हवा होता. तो थयथय नाचत होता. मालक मागे येऊन उभे राहिले.

"मामासाठी कंपनी बुडवणार आहेस का?"

"बुडू दे!" मी ओरडले. "माझ्या सहीपायी त्या माणसाची अब्रू गेली!"

तिथेच बसून नवा रिपोर्ट लिहिला, सही केली आणि यार्डाच्या मॅनेजरसमोर नेऊन आपटला. त्यानं शांतपणे फाइलमधून जुना रिपोर्ट काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, दोन्हींवर सही तुमचीच आहे. खरा कुठला धरू?"

यंत्र त्यांनी बदललं. मामाला परत बोलावलं नाही.

तोच संताप घेऊन मी मामाकडे गेले. ओटीवर तो सुकट निवडत बसला होता, नाकावर जाड भिंगांचा नवाकोरा चष्मा. मी त्याच्यावरच खेकसले. "वजन उड्या मारतंय हे तुला दिसत होतं ना? मग काटा बिघडलाय म्हणून तोंड का नाही उघडलंस?"

मामानं हातातली सुकट सुपात टाकली.

"दिसत व्हता. पन कागदावं तुजी सही व्हती ना. तुजी सही हाय त काटा चुकल कसा? मना वाटला, माजंच डोले गेलं." त्यानं चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "म्हनून ह्यो करून घेतला."