तंबूवरचं लाल फडकं

लपायच्या तंबूवर निशाण लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे आमची शेजारीण सत्यभामाबाई. सगळं गाव हसलं, मीही हसलो. पण ते फडकं तिनं का बांधलं, हे फक्त आमच्या घराला ठाऊक होतं.

तिचा नवरा उकंडराव. बुलढाण्याच्या घाटाकडच्या आमच्या गावात त्याच्याइतका बोलका माणूस नव्हता. समोरून बैल आला तरी त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायचा नाही. पण बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली, त्या साली एका सकाळी त्यानं हिरवंगार बोंड फोडलं, आतली अळी पाहिली आणि त्याची वाचाच बसली. या बियाण्याला अळी लागत नाही, असं जो तो छातीठोकपणे सांगायचा, मीसुद्धा. त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो नुसता ओसरीवर बसून राहायचा. ताटातली भाकर तशीच वाळून जायची.

सत्यभामाबाईनं हाय खाल्ली. एके दुपारी ती फवारणीच्या औषधाच्या बाटल्या पदराखाली झाकून आमच्याकडे आली.

"अर्जुनभाऊ, ह्या तुमच्या कोठीत कुलपात राहू द्या. काऊन म्हणून इचारू नका."

मी विचारलं नाही. न विचारताच समजलं; बाटल्या कोठीत ठेवून कुलूप लावलं.

त्याच हिवाळ्यात अस्वलाचे फोटो काढायला पुण्याची मंडळी आली. जनावराला दिसू नये म्हणून आत लपून बसायचा एक घडीचा हिरवा तंबू त्यांच्याकडे होता. अस्वल काही दिसलं नाही. तंबू तेवढा फाटला, म्हणून तो आमच्या शिवारात टाकून मंडळी निघून गेली. इतरांना त्यात भंगार दिसलं, सत्यभामाबाईला नवरा दिसला. उकंडरावाला गळ टाकून मासे धरायचा जुना नाद होता. पण तलावाच्या काठावरचा थंडीतला वारा त्याला सोसत नसे, खोकल्यानं जीव नको व्हायचा. तिनं तंबू शिवून काढला. आतून जुन्या लुगड्यांचं अस्तर लावलं आणि त्यात कवडी भरली. कवडी म्हणजे अळीनं डागाळलेला कापूस; व्यापाऱ्यानं त्याला हातही लावला नव्हता. आत बसा, खिडकीतून गळ टाका, असं तिनं नवऱ्याला बजावलं. मग तंबूच्या शेंड्यावर हे भलंमोठं लाल फडकं बांधलं. त्यांच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर चढलं की तलाव दिसतो.

"काय हो वहिनी, लपायचं बी अन् निशाण बी?" मी चेष्टा केली.

"अस्वलापासून लपू द्या," ती म्हणाली, "माझ्यापासून नाई."

उकंडराव रोज सकाळी तंबू खांद्यावर टाकून निघायचा. माशांना लावायला गूळ आणि शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून केलेला गोळा सोबत असायचा. मासे आणायचा, मुकाट्यानं तिच्यापुढे ठेवायचा. ती कामं करता करता सतरांदा धाब्यावर चढायची.

एका सकाळी दाट धुई पडली. सत्यभामाबाई अनवाणीच आमच्या दारात आली.

"भाऊ, फडकं दिसून नाई राह्यलं."

"अवो, धुईत समोरचं घर दिसत नाई, फडकं कुठून दिसते?"

माझं बोलणं संपायच्या आत ती रस्त्याला लागलीही होती. मी पायात चपला सरकवल्या आणि मागे धावलो.

तलावावर पोचलो तर तंबू भुईसपाट. अस्तर फाटलेलं, ओल्या मातीवर कापूस पसरलेला, लाल फडकं चिखलात. उकंडरावाची एक चप्पल काठावर, दुसरी पाण्यात. तिनं त्या चपलेकडं पाहिलं, मग पाण्याकडं. ती माझा दंड घट्ट धरून खाली बसली. आता हिला काय सांगू, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात पाण्यातून आवाज आला.

"गेलं काय बे ते?"

धुईत उकंडराव गळ्यापर्यंत पाण्यात उभा होता. डोक्याला मफलर तसाच.

"कोण गेलं?" मी ओरडलो.

"अस्वल! दुसरं कोण?"

त्याला ओढून बाहेर काढलं, त्याच फाटक्या अस्तरात गुंडाळलं. दात वाजत होते आणि तो बोलत होता. कपाशी गेल्यापासून पहिल्यांदा, धबधबा लागल्यासारखा. "गुळाचा वास लागला त्याले. खिडकीतून नाकच आत घातलं! मी गोळा बाहेर फेकला. तो खाल्ला अन् पुन्हा आलं. मंग सारा तंबूच अंगावर! मी खालून सरपटत निघालो, तो थेट पाण्यात."

"अस्वलाच्या मुलखात गूळ घेऊन लपून बसते! वा रे शहाणा!" मी म्हणालो.

"मले वाटलं, मेलो. म्हटलं, देवा, या डाव वाचव, मले मरायचं नाई."

सत्यभामाबाई त्याचे पाय चोळत होती. तिचे हात थांबले.

"काय म्हटलं?"

"अस्वलानं नाक—"

"अस्वलाचं नाई. देवाले काय म्हटलं?"

"मले मरायचं नाई म्हटलं."

"अजून एक डाव सांगा."

"बयरी झाली काय वं? मले मरायचं नाई म्हटलं!" तो खेकसला.

ती हसायला लागली. हसता हसता त्याच्या ओल्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडायला लागली. उकंडराव भांबावून माझ्याकडे पाहू लागला. मी तोंड फिरवून कारण नसताना मातीतला कापूस वेचत बसलो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुपारपर्यंत त्यानं ती गोष्ट गावभर सांगितली. दर वेळी अस्वल थोडं मोठं होत गेलं.

दिवेलागणीला सत्यभामाबाई आमच्याकडे आली.

"अर्जुनभाऊ, त्या बाटल्या द्या."

"काऊन?" आता मी विचारलं.

"हरभऱ्यावर अळी दिसून राह्यली," ती म्हणाली. "ते म्हणतात, उद्याच फवारा मारू."

मी कोठीचं कुलूप काढलं.