मुक्ताबाईंचा ओटीपी

मुक्ताबाई देवगाव रंगारीहून लग्न होऊन शहरात आल्या आणि पुंडलिकनगरातल्या चार घरांची धुणीभांडी करता करता साठीला टेकल्या. राहायला पडेगावला. सुट्टीत गावाला जाताना ती घरं किल्ल्या त्यांच्याकडेच ठेवून जात. एकदा एका मालकांचे सख्खे भाऊ दारात येऊन उभे राहिले, तरी बाईंनी किल्ली दिली नाही. "साहेबांनी सांगितलं नाय," एवढंच म्हणाल्या. भाऊसाहेब लॉजवर झोपले.

अलीकडे कान दगा देऊ लागले होते. एका घरी 'गॅस बंद करा' हे ऐकू आलं नाही, दुधाचं पातेलं करपलं, आणि तिथल्या बाई दुसरी कामवाली शोधू लागल्या. आता ऐकू येण्यासाठी कानाचं मशीन मिळालं नाही तर बाकीची घरंही सुटणार, हे मुक्ताबाईंना कळत होतं.

पडेगावातल्याच एका छोट्या संस्थेत ही मशिनं मोफत मिळणार होती. पण मशीन देणाऱ्यांची अट होती, नोंदणी ऑनलाइनच. आज शेवटचा दिवस. संस्थेच्या करुणाताई एकुलत्या एका लॅपटॉपपुढे बसल्या होत्या आणि रांग पायरीपर्यंत गेली होती.

"मावशी, फोनवर आकडे आले असतील. सांगा बरं," करुणाताई मोठ्यानं म्हणाल्या.

मुक्ताबाईंनी फोन पदराखाली घेतला. "नाय सांगणार."

"अहो, का?"

"तुम्हीच शिकवलं ना? ओटीपी कुणालाच सांगायचा नाय. मी मागितला तरी नाय, म्हणल्या तुम्ही."

रांग हसली. फसवणुकीच्या फोनांबद्दलचा तो वर्ग करुणाताईंनीच घेतला होता, आणि अगदी तसंच म्हणाल्या होत्या.

"हा तसला नाही हो! बरं, हळूच माझ्या कानात सांगा."

"मी हळू बोलले का मोठ्यानं, मलाच कळत नाय. सगळी गल्ली ऐकंल."

"मग फोन दाखवा."

"दाखवलं काय नि सांगितलं काय!"

एवढ्यात त्या आकड्यांची मुदत संपली. करुणाताईंनी उसासा टाकला, आकडे पुन्हा मागवले, खुर्ची मुक्ताबाईंना दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "तुम्हीच दाबा."

मुक्ताबाई साक्षरतेच्या वर्गात आकडे शिकल्या होत्या. एकेक आकडा वाचत आणि एकपासून बटणं मोजत त्यांनी ती दाबली. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"चुकलं वाटतं," करुणाताई वळल्या. काय दाबलं ते विचारणार होत्या, पण थांबल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "मावशी, हे आकडे इंग्रजी आहेत. त्यांचा नऊ आपल्या एकासारखा दिसतो. तुम्ही वाचूच नका. नुसतं चित्र बघा, आणि तसंच चित्र बटणावर शोधा."

"मला वाचता येतं!" मुक्ताबाई तडकल्या.

"येतं हो. पण या लॅपटॉपला मराठी आकडे येत नाहीत, त्याला काय करू?"

 शिकलेलं बाजूला ठेवणं मुक्ताबाईंना जड गेलं. तिसऱ्यांदा आकडे आले तेव्हा त्यांनी फोन बटणांशेजारी धरला आणि रांगोळीचे ठिपके जुळवावेत तसं एकेक चित्र जुळवलं. मागून कुणीतरी "आटपा की आजी," म्हणालं. ते त्यांना ऐकू आलं नाही, तेवढं बरंच झालं.

पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"झालं!" करुणाताईंनी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. मुक्ताबाईंनी मान डोलावली आणि त्या जड अंगानं उठल्या.

रांगेत पुढचा नंबर बद्रीनाथअण्णांचा होता. त्यांनी फोन सरळ करुणाताईंच्या हातात ठेवला. "घ्या ताई. माझ्यात लपवण्यासारखं काय हाय?"

करुणाताईंनी फोनकडे पाहिलं, मग पायरीपर्यंतच्या रांगेकडे. प्रत्येकाला शिकवत बसलं तर आज निम्म्यांचीही नोंद होणार नव्हती. त्यांनी फोन घेतला आणि आकडे भराभर टाकू लागल्या.

मुक्ताबाईंना ते पटलं नाही. पण आकडा परक्याचा होता, म्हणून दाराकडे जाताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली.