पुण्यात एकदाच विचारतात

गाडीने वर्धा सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर आईने दिलेला डबा होता आणि पोटाशी पदवीच्या कागदांची फाइल. डबा अर्ध्या वाटेतच संपला, फाइल मात्र मी झोपेतसुद्धा सोडली नाही. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी झाल्यापासून मी दिसेल तिथे अर्ज करत होते आणि एकाच कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. अन्नपदार्थ तपासणारी प्रयोगशाळा, आणि तीही पुण्यात! जमलं तर पांढरा कोट. नाही जमलं तर चुलतभावाच्या मेडिकल स्टोअरचं काउंटर. दादाने माझ्यासाठी ती जागा राखून ठेवली होती आणि त्याच जागेची मला धास्ती होती.

मामा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत. त्यांच्या क्वार्टरभोवती एवढी मोठी झाडं, की शहरात आलोय यावर विश्वास बसेना. पोचल्या पोचल्या मामीने मला मंडईत नेलं. अहाहा! कोथिंबिरीचे (म्हणजे आपल्या सांभाराचे) हिरवेगार ढीग, लिंबं, आवळे, आणि भोवती ती जुनी दगडी इमारत. मी एका मावशींना विचारलं, "ताजी आहे ना?"

"नाही, शिळीच विकायला आणलीय. देऊ?"

मला इतकं हसू आलं की एकीच्या जागी दोन जुड्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी कोथरूडला जायचं होतं. मामीच्या ओळखीच्या केतकर बाई एका मोठ्या कंपनीत नोकरभरतीचं काम बघायच्या. आता निवृत्त झाल्यात, पण मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींची घरीच तयारी करून घेतात. खडकीहून मेट्रोने निघाले, मध्ये गाडी बदलली आणि ऐटीत खिडकीशी बसले. चार स्टेशनं गेल्यावर कळलं, आपण कोथरूडच्या बरोबर उलट्या दिशेला चाललोय. पूल, नदी, उंच इमारती, सगळं दोनदा पाहून झालं.

"आलात का आपण? या," केतकर बाईंनी घड्याळाकडे बघत दार उघडलं. "चहा घेणार?"

"नको, नको."

आता आपल्याकडे पहिल्या 'नको'ला काय किंमत असते, हे तुम्हाला सांगायला नको. यजमान म्हणतात, घ्या हो. आपण म्हणतो, आत्ताच झाला. ते म्हणतात, अर्धा कप. मग आपण पूर्ण कप पितो. केतकर बाईंनी मान हलवली, आत गेल्या, एकच कप घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसून प्यायल्या. आल्याचा वास येत होता. मी नुसती बघत बसले.

मग त्यांनी खोटी मुलाखत सुरू केली. अभ्यासाचं सगळं मी धडाधड सांगितलं.

"कोणतं काम करायला आवडेल?"

"कोणतंही चालेल, मॅडम."

"कोणती पाळी?"

"कोणतीही चालेल."

बाईंनी कप खाली ठेवला. "मघाशी चहा हवा होता ना तुला?"

"हो," मी पुटपुटले.

"मग नको का म्हणालीस? मुलाखत घेणारे म्हणजे पंगतीतले वाढपी नव्हेत, आग्रह करकरून जिलबी वाढायला. ते एकदा विचारतात आणि तू सांगितलेलं लिहून घेतात. म्हण, मला प्रयोगशाळेतलं काम हवं आहे."

मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं," असं म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच "अजून नाही" म्हणत राहिल्या. शेवटी मी ओरडलेच, तेव्हा चहा आला. काय सुंदर चहा होता!

मुलाखतीला समोर एक साहेब होते आणि एक तरुण मॅडम. सुरुवात झकास झाली. मग साहेब म्हणाले, "लॅबमध्ये एकच जागा आहे आणि उमेदवार बरेच आहेत. रिपोर्ट टाइप करायला मात्र तुम्हाला लगेच घेऊ शकतो. चालेल?"

'चालेल' अगदी जिभेवर आलं होतं. हातात आलेली नोकरी, तीही पुण्यात!

"नाही सर. मला प्रयोगशाळेतलंच काम हवं आहे."

"का?" मॅडमनी विचारलं.

मग मी उसाच्या रसाच्या गाडीवरचा बर्फ कॉलेजात तपासला होता, ते सांगितलं. काचेच्या बशीत काय काय वाढलं होतं! ती बशी झाकून, चिकटपट्टी लावून मी गाडीवाल्या काकांना दाखवायला नेली होती. पोत्यावर ठेवलेली बर्फाची लादी त्यांनी तेव्हाच फेकून दिली. "असं काम मला रोज करायचंय," मी म्हणाले.

"कळवतो," एवढंच म्हणून साहेबांनी फाइल मिटली. दोघांपैकी कुणी हसलंसुद्धा नाही.

परतीच्या गाडीत मी स्वतःवर जाम चिडले होते. काय गरज होती शहाणपणा करायची? मनमाड गेलं आणि फोन वाजला. त्याच मॅडम होत्या.

"एक तारखेपासून लॅबमध्ये या. सकाळची पाळी हवी की दुपारची?"

"सकाळची!" मी एवढ्या जोरात म्हणाले की समोरचे काका दचकून उठले.

पुण्यात आग्रह नाही, हे खरंच आहे. पण तिथे विचारतात तेव्हा आपलं उत्तर खरं धरतात, आणि मला ते फार आवडलं. बावीस वर्षं मी 'चालेल' म्हणत आले. ते मी शिकले आईकडून. तिने स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तिला फोन लावला, बातमी सांगितली. मी म्हटलं, "आता दादाला काय सांगायचं गं? काउंटरची जागा राखून ठेवलीय त्याने. वाईट वाटेल त्याला."

"तू निघाली त्याच दिवशी सांगून देलं मी त्याले," आई म्हणाली. "म्हटलं, माही पोरगी काही येत नाही आता, दुसरी पाहून घे."