दुसऱ्याच्या वस्तऱ्याची धार

तीन माणसं दर रविवारी एकत्र बसून फारसं न बोलता काम करायला लागली की किस्से साचतात, हे मला या हिंदी मुलखात, अवधपुरीत आल्यावर कळलं. बोलघेवड्यांचे किस्से बोलण्यातच संपतात. आमचे मात्र वर्षानुवर्षं गच्चीवर साचत गेले आणि आता आवरेनासे झालेत!

आम्ही म्हणजे कारखान्यातून रिटायर झालेले अण्णा सरवटे, मूळचे इंदूरचे, पुण्याहून बदली होऊन आलेला आणि अजूनही 'पुढच्या वर्षी परत जाणार' म्हणणारा मुजुमदार, आणि मी. तिघंही उघड्या वस्तऱ्यानं दाढी करतो. रविवारी सकाळी अण्णांच्या गच्चीवर जमायचं, ओल्या दगडावर वस्तऱ्यांना धार लावायची, मग चामड्याच्या पट्ट्यावर परजायची. नियम एकच, अण्णांनी घातलेला. स्वतःच्या वस्तऱ्याला स्वतः धार लावायची नाही!

"आपल्या गालाला माणूस समजावून घेतो," अण्णा म्हणतात. "दुसऱ्याच्या गालाला जपतो!"

म्हणून आमच्या दोघांचे वस्तरे अण्णांकडे, अण्णांचा मुजुमदारकडे. मी पट्टा ताणून धरतो आणि चहा ओततो.

*

मुजुमदार आला तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ बघून तयारीनिशी आला होता. पट्ट्यावर वस्तरा पाठीच्या बाजूनं ओढायचा असतो. यानं जोशात धार पुढे केली आणि अण्णांचा जुना पट्टा चर्रकन चिरला!

अण्णांनी चिरलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाले, "यार मुजुमदार, दाढी पट्ट्याची नाही करायची."

*

धार बसली की नाही हे आम्ही डाव्या हाताच्या केसांवर बघतो. त्यामुळे आमचे डावे हात तुळतुळीत!

मुजुमदार एकदा रक्तदाब तपासायला अरेरा कॉलोनीतल्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी बाही वर केली, डावा हात पाहिला, उजवा पाहिला आणि पट्टा गुंडाळायचा सोडून चष्मा लावला.

"ये बाल कब से झड़ रहे हैं?"

"हर रविवार को, डॉक्टर साहब!"

*

माझ्या आजोबांचा वस्तरा ग्वाल्हेरच्या घरी ट्रंकेत गंजून पडला होता. धारेला मधोमध एक खळी. अण्णांनी तो उन्हात धरला, असा की जणू कुणाचा चेहरा ओळखायचाय.

मी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"तुला दाढी कधी करायची आहे?"

"उद्या!"

"मग उद्या न्हाव्याकडे जा."

किती रविवार गेले, मोजले नाहीत. हिवाळ्याचं कोवळं ऊन, दगडावर पाण्याचे दोन थेंब, आणि तो आवाज. सुर्र, सुर्र. त्या आवाजात सगळं लांब जायचं: कॉलोनी, कारखान्याचा भोंगा, आपलं वय. मला तर आजोबा परसात आरसा टेकवून बसलेत असं दिसायचं. शेवटी खळी गेली, पातं लखलखलं, आणि मी ते जपून घरी नेऊन बायकोच्या हातात ठेवलं.

तिनं बोटानं हळूच धार पाहिली. "फारच छान झालाय हो! द्या, ब्लाउज उसवायचाय."

*

शेजारच्या गच्चीवरची भाभी तान्हं बाळ घेऊन उभी असायची. आम्हाला वाटायचं, लोखंडाच्या आवाजाची तक्रार करणार. एकदा दगडावर हात थांबले, तशी तिनं खरंच कठड्यावरून हाक मारली.

"अंकलजी, पाँच मिनट और घिस दीजिए ना, अभी आँख लगी है इसकी!"

अण्णांनी धार लागलेला वस्तरा पुन्हा घेतला. त्या दिवशी माझ्या वस्तऱ्याला जी धार बसली, तशी पुन्हा कधी बसली नाही.

*

आता शेवटचा.

गेल्या वर्षी अण्णांचा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप वाजायचा, मग गालावर कापूस दिसायला लागला. त्यांची मुलगी मेधा जवळच बाग सेवनियात राहते. तिचा मला फोन आला.

"काका, वस्तरा काढून घेऊ का हो? ट्रिमर आणलाय, पण ते बघत पण नाहीत. आणि वस्तरा काढून घेतला तर रविवारी घराबाहेरच नाही पडणार. मग काय उरलं त्यांना?"

दुसऱ्या कुणाचा हात ते गालाला लावू देणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. दवाखान्यात पडून होते तेव्हा आलेल्या न्हाव्याला त्यांनी "आप जाइए भैया, मैं ज़िंदा हूँ!" म्हणून परत पाठवलं होतं.

मी आणि मुजुमदारनं ठरवलं, वस्तरा काढून घ्यायचा नाही आणि काही बोलायचंही नाही. रविवारी अण्णा आमचे वस्तरे परत देत. धार मुळीच लागलेली नसे. आम्ही डाव्या हातावर फिरवून म्हणत असू, "वा अण्णा, काय धार आहे!" आणि मग आठवड्यात गुपचूप मुजुमदारकडे जमून मी त्याच्या वस्तऱ्याला धार लावायचो, तो माझ्या. नियम मोडायला नको!

एका रविवारी मुजुमदार जरा जास्तच बोलला. "अण्णा, आजची धार म्हणजे कमाल!"

अण्णांनी हात पुसले.

"हात हलायला लागल्यापासून मी तुमच्या धारा दगडाला टेकवल्याच नाहीत. बिघडल्या असत्या. नुसती पाठ घासून राहिलोय, तुम्हाला आवाज यावा म्हणून."

मला रडू येत होतं आणि हसूही. शेजारी बाळ झोपलं होतं बहुतेक, कारण कुठूनच आवाज येत नव्हता.

अण्णांनी खुर्ची उन्हाकडे फिरवली, टॉवेल गळ्याभोवती घेतला आणि स्वतःचा वस्तरा उघडून मुजुमदारपुढे धरला.

"याची धार तर तूच लावलीस ना? मग लाव गालाला."

मुजुमदारनं वस्तरा घेतला. साबण लावून झाला, अण्णांनी हनुवटी वर केली, आणि मुजुमदारचाच हात थरथरायला लागला.

अण्णांनी डोळे मिटले.

"थांबू दे त्याला, थांबू दे," ते म्हणाले. "मी बसलोय."